बी. एस्सी. झाला, कारखान्यात लागला, आता पुढे?

निकालाचे दिवस आले की आमच्याकडे एक ठरावीक चौकशी येऊ लागते. “मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाला आहे. औषधांच्या कारखान्यातून बोलावणे आले आहे. पाठवावे की नाही?” विचारणारे बहुधा खेड्यातील आईबाप असतात. कोणाचे घर खानापूर तालुक्यात असते आणि कारखाना गोव्यात, वेर्ण्याला. कोणाच्या मुलाला इंदूरजवळच्या पिथमपूरला जावयाचे असते, तर कोणाच्या मुलाला वडोदऱ्याजवळील नंदेसरीला. मुलगा घराण्यातील पहिलाच पदवीधर असतो. त्याच्या शिक्षणासाठी एखादी दुभती म्हैस विकलेली असते, बहिणीचे लग्न वर्षभर पुढे ढकललेले असते. अशा घराने पाऊल टाकण्यापूर्वी चार ठिकाणी विचारपूस केली तर ते योग्यच होय.

या विचारपुशीत दोन प्रश्न हमखास असतात. पगार किती मिळेल, आणि रविवारी सुटी असेल काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत व त्यांची उत्तरे आम्ही पुढे देणारच आहोत. परंतु तिसरा एक प्रश्न आहे. तो आजवर आम्हांस कोणी विचारलेला नाही, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या मुलाला तेथे कशाखाली सही करावी लागणार आहे? आम्ही स्वतः तरुणपणी याच वाटेने गेलो व पुष्कळ वर्षे त्याच कामात घालविली, म्हणून हे चार शब्द अधिकाराने नव्हे, तर अनुभवाने लिहीत आहोत.

काम कोणते?

अशा कारखान्यात रसायनशास्त्राच्या पदवीधराला मुख्यतः दोन दारे असतात. एक गुणनियंत्रणाच्या प्रयोगशाळेचे. तेथे काचेची भांडी, तराजू, मोजमापाची यंत्रे असतात. महाविद्यालयात पाहिलेले पुष्कळसे तेथे ओळखीचे वाटते. दुसरे दार उत्पादन विभागाचे. येथे मुलगा प्रथम दचकतो. दोन मजले उंच लोखंडी सांगाडा, त्यात बसविलेली हजारो लिटरची बंद भांडी, वाफेच्या व थंड पाण्याच्या नळ्यांचे जाळे, सेंट्रिफ्यूजची घरघर, द्रावकांचा उग्र वास, आणि या सर्वांत वावरणारी दहा-बारा अनुभवी माणसे. या माणसांकडून ठरल्या पद्धतीने काम करवून घेणे व झालेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणे, हे उत्पादनातील केमिस्टचे काम होय.

पाळी सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे त्याने हजर व्हावे लागते. कोणत्या भांड्यात काय चालू आहे, कोणती झडप उघडी आहे, कोणते यंत्र दुरुस्तीला गेले आहे, हे मागील पाळीच्या माणसाकडून समजून घ्यावे लागते. मग प्रत्येक बॅचचा कागद हाती येतो. किती माल घातला, कोणी तोलला, किती वाजता घातला, त्या वेळी उष्णता किती होती, सारे त्यावर त्याच वेळी लिहावयाचे आणि खाली सही करावयाची. पाळीच्या आठ तासांत अशा सह्या किती होतात, याची नव्या माणसाला कल्पनाही नसते.

चंबू आणि हंडा

महाविद्यालयात एक लिटरच्या चंबूत जी क्रिया सुरळीत होते, तीच हजार लिटरच्या भांड्यात तशीच होईल असे नव्या पदवीधराला वाटते. येथेच पहिला धडा मिळतो. घरातील गृहिणींना हा धडा आधीच ठाऊक आहे. वाटीभर भात ताटात वाढला की दोन फुंकरांत निवतो. लग्नाच्या जेवणावळीचा हंडा उतरून तास झाला तरी आतून वाफाळत असतो. भांड्याची लांबी, रुंदी व उंची दसपट केली तर आतील माल हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला थंड होण्यासाठी पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याएवढीच जागा उरते.

कित्येक रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करतात. ती उष्णता बाहेर गेली नाही तर क्रिया अधिक वेगाने होते, वेगामुळे उष्णता आणखी वाढते, आणि पाहता पाहता भांडे हाताबाहेर जाते. म्हणूनच एखादे द्रव्य थेंबाथेंबाने चार तासांत घालावे असे कागदावर लिहिलेले असते. चंबूत ते दहा मिनिटांत घातले तरी चालले होते, असे म्हणून घाई करणारा केमिस्ट स्वतःचाच नव्हे, तर साऱ्या पाळीचा जीव धोक्यात घालतो. आतील ढवळणी बंद पडली असता द्रव्य घालीत राहणे आणि मग एकदम ढवळणी सुरू करणे, हा तर धोक्याचा सरळ रस्ता. साचलेले सर्व द्रव्य त्या क्षणी एकदम क्रिया करू लागते.

क्रिया जाणणे निराळे आणि माल बनविणे निराळे, हा अनुभव थोरामोठ्यांनाही आला आहे. एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरची पदवी घेऊन आलेले आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ साली कलकत्त्यास आपल्या राहत्या घरी, सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर औषधी द्रव्ये बनविण्यास प्रारंभ केला. कॅल्शियमचे फॉस्फेट हाडांपासून होते, हे पुस्तकात होतेच; परंतु ती हाडे कसायांकडून आणून घराच्या गच्चीवर वाळत घातली, तेव्हा कावळे जमले आणि शेजारी तक्रार घेऊन आले. पुस्तकात शेजारी नसतात. तरीही त्याच उद्योगातून १९०१ साली ‘बेंगॉल केमिकल’ ही कंपनी उभी राहिली. इकडे वडोदऱ्यास १८९० साली सुरू झालेल्या कलाभवनाचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रेरणेने १९०७ साली ‘अलेंबिक’ची स्थापना झाली. आज त्या परिसरातील कारखान्यांत पाऊल ठेवणारी आपली मुले या जुन्याच वाटेवरून चालत आहेत.

आमचीच एक चूक

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. पहिल्या वर्षीचीच गोष्ट. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; दोष आमचा होता. रात्रपाळी होती. सेंट्रिफ्यूजमधून निघालेली ओली भुकटी ताटांत पसरून वाफेवर तापणाऱ्या ड्रायरमध्ये ठेवली होती. आतील उष्णता ६० ते ६५ अंश सेल्सिअस राखावयाची आणि दर तासाला आकडा वाचून बॅचच्या कागदावर लिहावयाचा, एवढेच काम होते. एक वाजताचा आकडा आम्ही लिहिला. मग क्षणभर म्हणून स्टुलावर टेकलो, तो डोळा लागला. जाग आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. दोन, तीन व चार वाजताचे रकाने कोरे होते.

ड्रायरचा काटा ६२ दाखवीत होता. मनाशी म्हटले, एक वाजता ६३ होते, आता ६२ आहे; मधल्या वेळात निराळे काय असणार? आम्ही ६३, ६२, ६२ असे तीन आकडे लिहिले आणि प्रत्येकापुढे सही केली. हात किंचितही कापला नाही, हे आज आठवले की लाज वाटते.

थोड्या वेळाने त्याच मजल्यावर काम करणारे एक वयस्क कामगार चहा घेऊन आले. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण आकडे वाचता येत होते. कागदाकडे पाहून ते हलक्या आवाजात म्हणाले, “साहेब, दोनपासून साडेतीनपर्यंत वाफच नव्हती. बॉयलरचा पंप बिघडला होता. मी सांगायला आलो होतो, पण तुमचा डोळा लागला होता. पोर थकलंय म्हणून उठवलं नाही. चूक माझीपण आहे.”

आमच्या अंगावर काटा आला. दीड तास वाफ नव्हती, म्हणजे ड्रायर निवत गेला होता, आणि आमच्या सहीने मात्र तो ६२ अंशांवर उभा होता. आम्ही पुष्कळ विचार केला. मामा कोणाला बोलले नसते. बॉयलरची नोंदवही निराळ्या खोलीत होती. ती आमच्या कागदाशी कोण ताडून पाहणार? नोकरी अजून कायम व्हावयाची होती, आणि घरी दर महिन्याच्या सात तारखेला मनीऑर्डरची वाट पाहिली जात होती. नोकरी गेली तर वडिलांना काय सांगावयाचे, हाच विचार पुनःपुन्हा येत होता. सहा वाजता ताटे बाहेर निघणार होती.

सहाला दहा मिनिटे असताना आम्ही उत्पादन अधिकाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो व घडले ते सांगितले. ते रागावले, पण ओरडले नाहीत. त्यांनी आमच्या हाताने ते तीन आकडे एका सरळ रेघेने खोडविले, खाडाखोड करून नव्हे, तर खालचा आकडा वाचता यावा अशा रीतीने. शेजारी खरी हकीकत, तारीख, वेळ व सही घालावयास लावली. मग म्हणाले, “चुकलेला आकडा दुरुस्त करता येतो. बनवलेला आकडा कसा दुरुस्त करणार? तो चुकलेला दिसतच नाही.”

बॅच थांबविली गेली. निरनिराळ्या ताटांतून नमुने काढून तपासले. ओलाव्याची मर्यादा अर्ध्या टक्क्याची होती. दारालगतच्या ताटांत तो दीड टक्क्याहून अधिक निघाला, आतील ताटे मात्र ठीक होती. माल पुन्हा वाळवावा लागला. आम्हांस लेखी ताकीद मिळाली आणि कायम होणे तीन महिने लांबले. त्या तीन महिन्यांत घरी कमी पैसे गेले व त्याचे कारण वडिलांना लिहून कळवावे लागले. ते पत्र लिहिणे ताकिदीहून जड गेले.

प्रयोगशाळा शेवटी तपासतेच, मग एवढे मनाला का लावून घ्यावे, असे कोणी म्हणेल. पण प्रयोगशाळा शेकडो किलोंमधून चिमूटभर नमुना तपासते. तो नमुना आतल्या ताटातून निघाला असता तर बॅच निर्धास्त पुढे गेली असती. तपासणी सर्व काही पाहू शकत नाही, म्हणूनच नोंद ठेवावयाची असते. नोंदच खोटी असेल तर तपासनिसाने कोठे पाहावे, हेच त्याला कळत नाही.

एका खोट्या सहीचे मोल

आमच्या चुकीत कोणाचे प्राण गेले नाहीत. परंतु अशाच ठिकाणी केवढा अनर्थ होतो, हे आपल्या लोकांनी जवळून पाहिले आहे. ग्लिसरिन हा दाट, गोडसर, निरुपद्रवी द्रव औषधांत वापरतात. डायइथिलीन ग्लायकॉल नावाचा दुसरा द्रव दिसावयास व चवीलाही तसाच, किमतीने स्वस्त, पण मूत्रपिंडे निकामी करणारा. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या विषाची भेसळ असलेले ग्लिसरिन रुग्णांना दिले गेले आणि १४ जणांचा बळी गेला. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली. एवढे होऊनही २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष गेले व वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते.

हे विष ओळखण्याची तपासणी शास्त्राला माहीत नाही असे नाही. आलेल्या प्रत्येक पिंपातील माल ओळखून घ्यावयाचा, तपासणी पुरी झाल्यावाचून तो वापरावयाचा नाही, आणि जे प्रत्यक्ष केले तेच लिहावयाचे, एवढ्यावर तिची सारी मदार असते. आईने चमचाभर औषध बाळाच्या तोंडात घालताना बाटलीवरील अक्षरांवर विश्वास ठेवलेला असतो. त्या अक्षरांच्या मागे अनेक कागद असतात, आणि प्रत्येक कागदाखाली आपल्यासारख्याच कोणाच्या तरी मुलाची सही असते.

रुजू होण्यापूर्वी

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिला पगार बेताचाच असतो, हे धरून चालावे. पगारापेक्षा नेमणुकीचा कागद नीट वाचावा. नेमणूक कारखान्याच्या नावाने आहे की कंत्राटदाराच्या? शिकाऊ मुदत किती? काम कोणत्या विभागात? १९४५ च्या औषध नियमांनुसार औषधांचे उत्पादन पात्र तज्ज्ञांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे लागते. ती पात्रता औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराला पदवीनंतर अठरा महिन्यांच्या, तर रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला तीन वर्षांच्या औषध उत्पादनाच्या प्रत्यक्ष अनुभवाने येते. म्हणून पहिल्या तीन वर्षांचा अनुभव म्हणजे मुलाचे खरे भांडवल होय. दर चार महिन्यांनी नोकरी बदलण्याची हौस धरू नये, आणि कोठूनही निघताना विभाग व काळ स्पष्ट लिहिलेला दाखला घेतल्यावाचून निघू नये.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. पहिल्याच दिवशी मुलाने विचारावे की भांड्यांत काय आहे, ते अंगावर उडाले तर काय करावे, आणि भोंगा वाजला तर कोणत्या दिशेने पळावे. असे विचारण्यात भित्रेपणा नाही. भोपाळला १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. त्या घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन, धोकादायक कामाची माहिती कामगारांना मिळालीच पाहिजे, असे ठरले. चष्मा, हातमोजे व मुखवटा उकाड्यामुळे नकोसे वाटतात. तरी ते काढून ठेवू नयेत.

तिसरी गोष्ट कामगारांशी वागण्याची. पदवीचा तोरा मिरविणाऱ्या मुलाला कोणी काही सांगत नाही, आणि जो ऐकून घेतो त्याला सारे काही सांगतात. मामांनी आम्हांस खरे सांगितले नसते तर आज हा लेख लिहिण्याचे तोंड आम्हांस राहिले नसते.

चौथी गोष्ट घराची. रासायनिक क्रिया वार पाहत नाही. शनिवारी रात्री सुरू झालेले काम रविवारी पहाटे पुरे होते, आणि आठवड्याची सुटी आळीपाळीने मिळते. ज्या रविवारी पाळी असेल त्याच्या आदल्या सायंकाळच्या मिस्सेला जाता येते. ते मुलाने आधीच पाहून ठेवावे. रात्रपाळीहून आलेल्याला दिवसा झोपू द्यावे. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, कारखान्यातून निघालेली प्लास्टिकची पिंपे स्वस्तात मिळतात म्हणून पाणी किंवा धान्य साठविण्यास घरी आणू नयेत. कितीही घासली तरी आत काय मुरले आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

आईबापांना एक विनंती

मुलगा पहिल्या रजेवर घरी येईल तेव्हा पगाराचे अवश्य विचारा, खाणावळीचे विचारा, झोपेचे विचारा. पण एके रात्री जेवणे झाल्यावर सहज विचारा, “बाळा, न पाहिलेल्या गोष्टीखाली सही कर, असं तिथं तुला कोणी सांगतं का?”

तो हसून नाही म्हणाला तर देवाचे आभार माना. तो गप्प झाला तर रागावू नका. त्याला बोलू द्या. वरिष्ठाने सांगितले तरी न केलेल्या तपासणीखाली सही करावयाची नाही, असे त्याला सांगा. आणि त्यापायी नोकरी सोडून परत यावे लागले तरी या घरात त्याचे ताट वाढलेले असेल, हेही त्याच वेळी सांगा. म्हैस विकल्याची, लग्न लांबल्याची आठवण त्याला त्या क्षणी देऊ नका. ती त्याच्या मनात आधीच आहे. त्या रात्री ड्रायरपाशी आम्ही तासभर घुटमळलो, कारण घरी काय म्हणतील हे आम्हांस ठाऊक नव्हते. आपल्या मुलाला ते आधीच ठाऊक असू द्या.